विज्ञानपटांतील राजकीय भय : एक आढावा

राज्यकर्त्यांच्या दप्तरखान्यांत तहनामे, अंदाजपत्रके, हुकूमनामे आणि जाहीरनामे यांचे रुमाल नीट बांधून ठेवलेले असतात. परंतु त्या राज्यातील रयत कोणत्या काळी कशाला भीत होती, याची नोंद ठेवण्याचे काम कोणत्याही खात्याकडे सोपविलेले नसते. ती नोंद पूर्वी अफवांत, नवसांत आणि लावण्या-पोवाड्यांत होत असे. गेल्या शंभर वर्षांत ती विज्ञानपटांत विशेष ठळकपणे झाली आहे. ज्याची कथा २०२२ साली घडते असे सांगितले आहे, पण जो प्रत्यक्षात १९७३ साली पडद्यावर आला, असा चित्रपट २०२२ विषयी आपल्याला फारसे काही सांगत नाही; १९७३ मधील नागरिक कोणत्या धास्तीत जगत होता, हे मात्र तो सांगून जातो. इथवरचा विचार आता जुना झाला असून कोणताही जाणता प्रेक्षक तो मान्य करील. माझ्या मते त्यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि तो असा की, भयाची फिर्याद तर पडद्यावर गुदरली, पण आरोपीच्या पिंजऱ्यात कोणाला उभे केले गेले? या एका प्रश्नाच्या अनुरोधाने परदेशी विज्ञानपटांचा धावता आणि आपल्याकडील विज्ञानपटांचा जरा सावकाश आढावा घेण्याचा येथे विचार आहे.

प्रारंभ १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’पासून करणे भाग आहे, कारण त्यानंतरच्या बहुतेक विज्ञानपटांवर त्याचे ऋण आहे. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग, लेखिका त्याची पत्नी थिया फॉन हार्बू, आणि देश पहिल्या महायुद्धात पराभूत झालेला, १९२३ च्या चलनफुगवट्यात मध्यमवर्गाची आयुष्यभराची पुंजी गमावलेला जर्मनी. वर उद्याने आणि क्रीडांगणे यांनी नटलेली धनिकांची नगरी, खाली भूगर्भात कामगारांची वस्ती, आणि दोहोंच्या मध्ये अहोरात्र धडधडणारी यंत्रे, अशी त्यातील रचना आहे. पाळी बदलण्याचे दृश्य ज्याने एकदा पाहिले तो ते विसरू शकत नाही: माना खाली घातलेल्या कामगारांच्या दोन रांगा समोरासमोरून जातात, आत जाणारी रांग एका गतीने आणि बाहेर येणारी तिच्या निम्म्या गतीने; कोणी कोणाकडे पाहत नाही. एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर ज्यांच्या घरातील चूल पेटत असे, अशा नागपुरातील जुन्या कुटुंबांना या दृश्याचा अर्थ समीक्षकाने समजावून देण्याची गरज नाही. पण त्या चित्रपटातील खरे भय कामगारांच्या दैन्याचे नाही, त्यांच्या बंडाचे आहे. एक कृत्रिम यंत्रस्त्री त्यांना चिथावते, ते यंत्रे फोडतात, पाणी त्यांच्याच वस्तीत शिरते, आणि अखेरीस मालकाचा मुलगा मध्यस्थ होऊन मालक आणि मुकादम यांचे हात एकमेकांच्या हातांत देतो. ज्या बर्लिनने १९१९ साली रस्त्यावरील क्रांतीचा प्रयत्न आणि त्याचा रक्तरंजित बीमोड पाहिला होता, त्या शहराच्या मध्यमवर्गाला हा शेवट दिलासा देणारा वाटला असल्यास नवल नाही; पुढे खुद्द लांगने मात्र तो शेवट आपल्याला पटत नसल्याचे बोलून दाखविले.

या चित्रपटाच्या लेखिकेचा मराठी मुलखाशी असलेला संबंध आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. बेळगावजवळच्या बेळगुंदीचे अयी गणपत तेंडुलकर शिक्षणासाठी युरोपात गेले, बर्लिनमध्ये पत्रकार म्हणून नावारूपाला आले, आणि लांगपासून १९३३ साली विभक्त झालेल्या, वयाने आपल्याहून बऱ्याच मोठ्या असलेल्या थिया फॉन हार्बूशी त्यांनी गुपचूप विवाह केला. गुपचूप यासाठी की, नाझी अमलात अशा विवाहाला सरकारदरबारी मान्यता मिळण्याची आशा नव्हती. महायुद्धाचे ढग जमू लागताच ते स्वदेशी परतले, बेळगावात मराठी वृत्तपत्र चालवू लागले, आणि युद्धकाळात ब्रिटिश सरकारने त्यांना तुरुंगात डांबले. पुढे गांधीजींच्या अनुयायी इंदुमती गुणाजी यांच्याशी त्यांचा विवाह ठरला, गांधीजींनी उभयतांना काही वर्षे थांबण्याची अट घातली, आणि १९४५ साली तो विवाह गांधीजींच्या उपस्थितीत, नागपूरहून दोन तासांच्या अंतरावर असलेल्या सेवाग्राम आश्रमात लागला. त्यांच्या कन्या लक्ष्मी तेंडुलकर-धौल यांनी ही हकीकत पुस्तकरूपाने सांगितली आहे. यंत्राच्या राक्षसी मुखात माणसे ढकलली जात असल्याचे दृश्य जिच्या लेखणीतून उतरले, ती स्वतः नाझी पक्षात दाखल झाली, आणि तिचा एकेकाळचा पती यंत्रयुगाच्या सर्वांत मोठ्या टीकाकारापुढे वर्ध्याकडे बोहल्यावर उभा राहिला. कादंबरीकाराने असे काही लिहिले असते तर आपण त्याला ओढाताण म्हटले असते. भय ओळखण्याची शक्ती आणि त्या भयाला बळी न पडण्याची शक्ती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे थियाच्या चरित्रावरून दिसते, आणि म्हणूनच विज्ञानपटाच्या कर्त्याला द्रष्टा म्हणण्याची जी चाल पडली आहे ती मला तितकीशी पसंत नाही.

महायुद्धानंतर भयाची राजधानी बर्लिनहून हलली. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर जो हायड्रोजन बॉम्ब फोडला, त्याची किरणोत्सारी राख ‘लकी ड्रॅगन’ नावाच्या जपानी मासेमारी नौकेवर पडली, आणि सप्टेंबरात तिच्यावरील एक खलाशी मरण पावला. नोव्हेंबरात ‘गोजिरा’ जपानच्या चित्रपटगृहांत लागला. त्याच्या अगदी आरंभी एक नौका समुद्रावरील लखलखाटात जळून जाते, आणि अणुस्फोटांनी जागा झालेला प्राणी टोकियो बेचिराख करतो. तेथील प्रेक्षकाला त्या प्राण्याचे गाव कोणते हे विचारावे लागले नाही. गंमत अशी की, दोन वर्षांनी हाच चित्रपट अमेरिकेत दाखविताना त्यात एक अमेरिकन वार्ताहर घुसविण्यात आला आणि अण्वस्त्रांविषयीचा बराच बोलका भाग कापण्यात आला. आरोपीनेच फिर्यादीची जबानी दुरुस्त करावी तसा हा प्रकार होता. त्याच बिकिनी स्फोटाचे पडसाद आपल्याकडे पडद्यावर नव्हे, लोकसभेत उमटले. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी अणुचाचण्या तूर्त थांबविण्याच्या कराराची सूचना मांडली.

अमेरिकेचे स्वतःचे भय त्या दशकात वेगळ्याच प्रकारचे होते. १९५६ च्या ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’मध्ये एका लहान गावातील माणसे झोपेत एकामागून एक बदलतात, चेहरा तोच, आवाज तोच, परंतु आतील माणूस गेलेला. ही कम्युनिस्टांच्या छुप्या शिरकावाची भीती म्हणावी, की सिनेटर मॅकार्थी यांच्या चौकशीसत्रांनी शेजाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध साक्षीला उभे केल्याची भीती म्हणावी, याविषयी समीक्षकांत आजतागायत एकमत नाही. दोन्ही पक्षांना तो चित्रपट आपला वाटतो, यातच त्याचे सामर्थ्य आहे असे मला वाटते. पाच वर्षे आधीच्या ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’मधील परग्रहावरचा पाहुणा मात्र शांततेचा निरोप घेऊन येतो आणि सैनिकाची गोळी खातो, तेथे आरोपी घरातलाच आहे. सोव्हिएत रशियातील तारकोव्हस्की यांच्या १९७९ च्या ‘स्टॉकर’मध्ये सैन्याने वेढलेला, माणसांनी सोडलेला एक निषिद्ध प्रदेश आहे, आणि सात वर्षांनी चेर्नोबिल येथे तसा प्रदेश प्रत्यक्षात निर्माण झाला, पण याला भविष्यकथन न म्हणता, त्या राज्यात मनाई आणि मौन यांचे वातावरण आधीपासूनच किती दाट होते याचा तो पुरावा समजावा.

आता आपल्याकडे वळू. स्वतंत्र भारताने विज्ञानाकडे पाहिले ते भाविकाच्या नजरेने. धरणांना मंदिरांची उपमा मिळाली, मार्च १९५८ मध्ये विज्ञानधोरणाचा ठराव संसदेपुढे आला, त्याच वर्षी नागपुरात, पुढे ‘नीरी’ म्हणून नावाजलेली संस्था सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी स्थापन झाली. १९६२ च्या चिनी आक्रमणाने या श्रद्धेत भय मिसळले; त्या भयाच्या खुणा सरहद्दीपासून दूर असलेल्या आमच्या विदर्भात अद्याप उभ्या आहेत, कारण अंबाझरी येथील आणि भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर येथील आयुधनिर्माणी त्याच दशकातल्या. १९६४ साली चीनने अणुस्फोट केला. अशा काळात, १९६७ साली, आपला विज्ञानपट काय करीत होता? ‘चाँद पर चढाई’मध्ये दारासिंग चंद्रावर जाऊन तेथील राक्षसांशी कुस्ती खेळत होता. मी हे उपहासाने लिहीत नाही. ज्या देशाच्या आकाशात भीती दाटली होती, त्याच्या पडद्यावर ती आलीच नाही, कारण विज्ञान हे सरकारच्या हातचे होते, सरकार आपले होते, आणि आपल्या देवघरातील मूर्तीची भीती वाटून घेण्याची कोणाची तयारी नव्हती.

ही तयारी नसल्याचा परिणाम सत्तरच्या दशकात अधिकच विलक्षण दिसतो. प्रारंभी उल्लेखिलेला १९७३ चा चित्रपट म्हणजे ‘सॉयलंट ग्रीन’. त्यात चार कोटी लोकवस्तीच्या न्यूयॉर्कमध्ये लोकांना खाऊ घातल्या जाणाऱ्या वड्या मृत माणसांच्या मांसाच्या असल्याचे उघडकीस येते. लोकसंख्येच्या या भयाला अमेरिकेत ज्या पुस्तकाने खतपाणी घातले, त्या पॉल एर्लिक यांच्या १९६८ च्या ग्रंथाचा आरंभ दिल्लीतील एका उकाड्याच्या रात्री, टॅक्सीच्या काचेतून दिसणाऱ्या गर्दीने होतो. म्हणजे भय त्यांचे, पण त्या भयाला चेहरा आपला! आणि मग तो चेहरा आपण स्वतःच स्वतःवर चढविला. आणीबाणीत, १९७६ साली, तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केले. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते अमलात आले नाही, तथापि देशभर त्या वर्षी साठ लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. सरकार नागरिकाच्या शरीरावर हुकूम बजावते, ही कल्पना कोणत्याही परदेशी लेखकाने विज्ञानपटासाठी हसत उचलली असती. आपल्याकडे तिच्यावर विज्ञानपट निघाला नाही. निघाला असता तरी तो प्रेक्षकांपर्यंत पोचला असता काय, हा प्रश्नच आहे. ‘किस्सा कुर्सी का’ या राजकीय उपहासपटाच्या प्रतीच त्या काळात जाळून टाकण्यात आल्या.

आणीबाणीनंतरचे एक प्रकरण त्या मानाने हलके, पण बोधप्रद आहे. जुलै १९७९ मध्ये ‘स्कायलॅब’ ही अमेरिकन अंतराळप्रयोगशाळा पृथ्वीवर कोसळणार, आणि कोठे कोसळेल ते सांगता येत नाही, अशी वार्ता आली. आकाशातून लोखंड पडणार म्हणून खेड्यापाड्यांत लोक धास्तावले. साठवलेले खाऊनपिऊन मोकळे व्हावे, अशीही भाषा बोलली जाऊ लागली. ११ जुलैला तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात पडले; १५ जुलैला मोरारजी देसाईंनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला. आकाश कोसळले नाही, सरकार कोसळले. या भयावर चित्रपट निघाला तो बेचाळीस वर्षांनी, २०२१ साली, आणि तोही शेजारच्या तेलुगूत.

ऐंशीच्या दशकात आपला विज्ञानपट खऱ्या अर्थाने लोकप्रिय झाला आणि त्याने आपला आरोपी निवडला. १९८६ च्या तमिळ ‘विक्रम’मध्ये ‘अग्निपुत्र’ नावाचे क्षेपणास्त्र पळविले जाते. खरे ‘अग्नि’ क्षेपणास्त्र उडाले १९८९ साली, म्हणजे अस्त्र हाती येण्यापूर्वीच ते चोरीस जाण्याचे भय आपल्या पडद्यावर येऊन गेले होते. १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’त अदृश्य होण्याच्या शोधावर मोगॅम्बोचा डोळा आहे, त्याच्या बेटावर देशाची राखरांगोळी करणारी क्षेपणास्त्रे सज्ज आहेत, आणि त्याच्या हस्तकांनी ठेवलेल्या बॉम्बने टीना नावाची चिमुरडी मरते. मे १९८५ मध्ये दिल्लीत ट्रान्झिस्टरमध्ये दडविलेले बॉम्ब फुटून कित्येक निरपराध माणसे मेली होती. बेवारशी वस्तूला हात लावू नका, ही ताकीद तेव्हा घरोघरच्या मुलांना पाठ होती, म्हणून टीनाच्या मृत्यूपाशी प्रेक्षागृह एकाएकी गप्प होई. नागपूरलगतचे हुडकेश्वर तेव्हा ग्रामपंचायतीच्या अमलाखालचे खेडे होते. गणपतीत भाड्याचा व्हीसीआर आणून मंडपात हा चित्रपट लावला गेला, तेव्हा सर्वांत मोठ्या टाळ्या अदृश्य होण्याच्या जादूला किंवा मोगॅम्बोच्या पराभवाला पडल्या नाहीत. धान्यात खडे मिसळणाऱ्या वाण्याला नायक अद्दल घडवितो आणि श्रीमंतांच्या पानांतील अन्न रस्त्यावरच्या भुकेल्यांपुढे जाते, तेथे त्या पडल्या. पुढच्या सतरंजीवर बसलेल्या बायका रेशनच्या तांदळातील खडे दररोज निवडीत होत्या. त्यांनी आपला आरोपी दिग्दर्शकाच्या आधी ओळखला होता.

परंतु याच दशकाच्या मध्यावर, २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री, भोपाळ येथे कीटकनाशकाच्या कारखान्यातून वायू सुटला आणि हजारो माणसे झोपेत मेली. विज्ञान, व्यापार आणि शासन या तिघांच्या संगनमताने किंवा निष्काळजीपणाने जे अरिष्ट ओढवू शकते, त्याचे याहून भयंकर उदाहरण स्वतंत्र भारताच्या इतिहासात नाही. आपल्या विज्ञानपटाने त्याकडे पाठ फिरविली. माझ्या आढाव्याचा निष्कर्ष येथे येऊन ठेपतो: भारतीय विज्ञानपट चोराला भ्याला, मालकाला भ्याला नाही. शोध वाईट नसतो, शासन वाईट नसते. परदेशी हस्तक, तस्कर किंवा बिघडलेला शास्त्रज्ञ तो शोध पळवितो आणि मग अनर्थ होतो, हा साचा ‘विक्रम’पासून २०१० च्या ‘एन्दिरन’पर्यंत अबाधित राहिला. २०१८ च्या ‘२.०’मध्ये तर कमालच झाली. मोबाइलच्या लहरींनी पक्षी मरतात अशी तक्रार घेऊन दारोदार फिरलेला पक्षिप्रेमी वृद्ध अखेर राक्षस ठरतो आणि त्याचा नि:पात करण्यास यंत्रमानव धावतो. त्या तक्रारीला शास्त्रीय आधार कितपत आहे, हा वाद निराळा. पण तक्रारदारालाच गुन्हेगार ठरविण्याची ही पद्धत ज्याने कधी सरकारी कचेरीचे उंबरठे झिजविले आहेत त्याला परिचित वाटेल. मालकाला पिंजऱ्यात उभे करण्याचे धाडस मुख्यतः चित्रपटगृहाबाहेर झाले. २०१९ मधील ‘लैला’ या मालिकेत पाणी आणि वंशशुद्धी यांच्या नावाने भिंती उभारणारे राज्यच आरोपी आहे. ती घरच्या पडद्यावर आली, जेथे प्रदर्शनापूर्वी सेन्सॉरचा दाखला घ्यावा लागत नव्हता, हा योगायोग मानावयास मी तयार नाही. २०२४ च्या ‘कल्की २८९८ एडी’नेही ओसाड काशीवर संपन्न सत्ताकेंद्र टांगून ठेवले, परंतु मुक्तीचा भार लगेच अवतारावर टाकून तो मोकळा झाला.

परदेशांतील अलीकडच्या चित्रपटांपैकी येथे एकाचाच उल्लेख करतो. खनिजासाठी वनवासींचा मुलूख उद्ध्वस्त होताना दाखविणारा २००९ चा ‘अवतार’ जगभर चालला, आणि दुसऱ्याच वर्षी ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरिया कोंधांच्या वतीने त्याच्या दिग्दर्शकाला जाहीर आवाहन करण्यात आले की, ही गोष्ट आमचीच आहे, साहाय्य करा. गडचिरोलीतील सुरजागडचे लोहखनिज नकाशावर नागपूरपासून फार दूर नाही. तेथील माडियांच्या गोष्टीसाठी परग्रहाची गरज पडू नये.

मराठी चित्रपटाचा हिशेब लवकर आटोपतो, कारण त्या खात्यावर जमा फार थोडी आहे. सुजय डहाके यांचा २०१६ चा ‘फुंतरू’ हा धीटपणे केलेला प्रयत्न, पण तो प्रेमकथेच्या वाटेने गेला. याउलट मराठी विज्ञानकथेचे दालन भरलेले आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत टोपणनावाने कथा धाडून जयंत नारळीकर या दालनात शिरले. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी ते वाढविले. नारळीकरांच्या ‘हिमप्रलय’मध्ये मुंबईत बर्फ पडते, आणि तसे पडणार हे आधी सांगणाऱ्या शास्त्रज्ञाकडे प्रस्थापितांनी दुर्लक्ष केलेले असते. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये मराठे १७६१ ची लढाई जिंकलेल्या जगात जाऊन पोचलेला इतिहासाचा प्राध्यापक आझाद मैदानावरील सभेत रिकाम्या अध्यक्षीय खुर्चीत जाऊन बसतो आणि श्रोत्यांकडून टोमॅटो व अंड्यांचा मार खातो, कारण त्या जगाने अध्यक्षीय भाषणे केव्हाच बंद केली आहेत! पराभवाची इतकी जुनी सल आणि सभासंमेलनांची इतकी ताजी थट्टा एका कथेत नांदते, हे मला आजही अपूर्व वाटते. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यांच्या कथांचे मोठ्या पडद्यावरील ऋण मराठी निर्मात्यांनी अजून फेडावयाचे आहे.

पैसा नाही, ही सबब नेहमी पुढे केली जाते. ती मला मान्य नाही. क्रिस मार्कर यांचा १९६२ चा ‘ला जेते’ सुमारे अर्ध्या तासाचा, जवळजवळ सर्वस्वी स्थिर छायाचित्रांचा. तिसऱ्या महायुद्धानंतरचे पॅरिस त्यात तळघरांपुरते आहे, आणि तरी तो विज्ञानपटांच्या इतिहासात अग्रभागी बसला आहे. ‘स्टॉकर’मध्ये गवत, पाणी आणि पडकी कारखानदारी यांखेरीज काहीही नाही. हे सर्व विदर्भात विनामोल उपलब्ध आहे.

आणि विषयांची तर वाणच नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. बियाणे प्रयोगशाळेतून आलेले, औषध कारखान्यातून आलेले, परवाना कचेरीतून आलेला, आणि पाठीवर पंप बांधलेल्या माणसाच्या तोंडावर मात्र साधा रुमाल; भोपाळची हुकलेली फिर्याद येथे पुन्हा दाखल करता येते. मराठी दिग्दर्शकांनी ती दाखल करावी, आणि आरोपी शोधण्यासाठी या वेळी समुद्रातील बेटावर जाऊ नये, एवढीच या लेखकाची विनंती आहे.